चार सळया आणि वाकडचं पाणी

एप्रिल उजाडला की वाकडमधल्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये एक विषय हमखास निघतो: नवी बोअर घ्यायची का, आणि घ्यायची तर कुठे? ‘कुठे’ या प्रश्नाला उत्तर देणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो पार्किंगमधून फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची खूण करतो. दुसरा ‘मशीनवाला’. त्याच्याकडे बॅटरी, वायरची रिळं, हातोडी आणि चार लोखंडी सळया असतात. पाणाड्याची फी कमी आणि खात्री जास्त. मशीनवाला प्रामाणिक असेल तर तो ‘शक्यता दिसते’ एवढंच म्हणतो, आणि त्यामुळेच मीटिंगमध्ये फिका पडतो.

या सळयांना जमिनीतलं नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, हे वाकडकरांनी समजून घेण्यासारखं आहे, कारण इथल्या पाण्याचा मोठा हिस्सा अजूनही टँकरवर आणि बोअरवर चालतो.

वाकड हे मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधलं गाव. म्हातोबाचं देऊळ, कस्पटे वस्ती, ज्वारी-ऊस-भाजीपाल्याची शेतं, शेतातल्या दगडी विहिरी असं त्याचं जुनं रूप होतं. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेजारी हिंजवडीला आयटी पार्क वाढलं आणि पुढच्या दोन दशकांत भूमकर चौकापासून डांगे चौकापर्यंत शेतांच्या जागी मनोरे उभे राहिले. नळाचं पाणी मुख्यतः पवना धरणातून नदीने रावेतपर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. धरणापासून बंद पाइपलाइन आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि योजना अनेक वर्षं थांबली. नोव्हेंबर २०१९पासून शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. उरलेली तहान जमिनीवर येऊन पडली. ती जमीन कशाची बनली आहे, हे मात्र फ्लॅट घेताना कुणी विचारत नाही.

ती बेसाल्टची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. महाराष्ट्राचा जवळजवळ ८० टक्के भाग याच खडकावर बसलेला आहे. त्याची जाडी किती असू शकते, याचा एक पुरावा कोयनेजवळ रासाटीला मिळाला: तिथे भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या छिद्राला खालचा ग्रॅनाइट लागायच्या आधी सुमारे ९३० मीटर बेसाल्ट कापावा लागला. पुणे परिसरातल्या थरांना भूवैज्ञानिकांनी खालून वर इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी ओळखीची नावं दिली आहेत.

पण ‘बेसाल्ट’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा काळा कातळ हा या गोष्टीचा अर्धाच भाग. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात, म्हणून प्रत्येक लोटाचा मधला भाग घट्ट राहतो आणि वरचा सच्छिद्र होतो, भाकरीला वर पापुद्रा सुटावा तसा. या सच्छिद्र, काहीशा मऊ खडकाला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. कधी त्याची छिद्रं पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली असतात, कधी मोकळी असतात. दोन लोटांच्या मध्ये बरीच वर्षं गेली असतील तर तिथे लाल, गेरूसारख्या मातीचा पातळ थर सापडतो. बोअरच्या गाडीतून अचानक लाल धुरळा उडायला लागला की तो हा थर. सगळ्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, म्हणजे झिजून भुगा होत चाललेला खडक. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांमध्ये. अखंड कातळात जवळजवळ नाहीच. म्हणून वाकडमध्ये एका सोसायटीला दीडशे फुटांवर दोन इंची पाणी लागतं आणि भिंतीपलीकडच्या सोसायटीत पाचशे फुटांपर्यंत नुसता कोरडा धुरळा उडतो. यात नशिबाचा भाग कमी, खडकाचा जास्त.

मग खणण्याआधी खडक ओळखायचा कसा? पहिलं खरं उत्तर विजेतून आलं. १९११-१२च्या सुमाराला कॉनराड श्लंबर्जर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने आंघोळीच्या टबमध्ये वाळू भरून तिच्यातून वीज सोडली आणि आत पुरलेल्या धातूमुळे विद्युतदाब कसा वेडावाकडा होतो ते मोजलं. मग हाच प्रयोग त्याने नॉर्मंडीतल्या शेतजमिनीवर केला. त्याला शोधायचं होतं धातूचं खनिज. पाणी शोधायला हीच युक्ती वापरली जाते, कारण कोरडा खडक वीज अडवतो आणि क्षार विरघळलेलं पाणी ती वाहू देतं. १९१५च्या आसपास अमेरिकेत फ्रँक वेनर यानेही चार सळयांची एक मांडणी सुचवली. आज आपल्याकडचे भूजल सर्वेक्षक प्रामुख्याने याच दोघांच्या नावाच्या पद्धती वापरतात.

चारच सळया का, दोन का नाहीत? दोन सळयांतून वीज सोडून त्याच दोन सळयांवर रोध मोजला, तर मोजमापात जमिनीपेक्षा सळई आणि मातीच्या सांध्याचाच रोध जास्त येतो. उन्हाळ्यात सुकलेल्या मातीत तर हा सांधा फारच वाईट असतो, म्हणून सर्वेक्षक सळईभोवती पाणी ओततात. बाहेरच्या दोन सळया वीज सोडतात, आतल्या दोन फक्त दाब मोजतात, त्यामुळे सांध्याचा प्रश्न सुटतो. मग बाहेरच्या सळया टप्प्याटप्प्याने दूर नेतात. सळया जितक्या लांब, तितकी वीज खोलवरून जाते, आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा कागदावर मांडला की एक वक्ररेषा मिळते. ढोबळ बोलायचं तर ओली काळी माती १० ओहम-मीटरच्या आसपास किंवा खाली, पाण्याने भरलेला झिजलेला बेसाल्ट २० ते ५०, आणि घट्ट कातळ शेकड्यांत. वक्ररेषा खाली आली, वर चढली, पुन्हा खाली आली तर खाली कातळानंतर मऊ थर असावा, असा अंदाज बांधता येतो.

‘अंदाज’ हा शब्द इथे महत्त्वाचा. या यंत्राला पाणी दिसत नाही. त्याला फक्त रोध कळतो, आणि ओली चिकण माती व पाण्याने भरलेला मांजऱ्या यांचा रोध कधी कधी सारखाच येतो. पहिल्यातून पाणी निघत नाही, दुसऱ्यातून निघतं. गेरूचा थरही रोधाने कमी आणि पाण्याने कंजूष. शिवाय दोनशे फूट खालची दोन इंचांची भेग, जी बोअरला सगळं पाणी देते, ती पृष्ठभागावरून मोजलेल्या वक्ररेषेत ओळखूच येत नाही. जाड थरांच्या सरासरीत ती विरून जाते. म्हणजे जवळ कुठेतरी एखाद्या विहिरीची किंवा बोअरची खरी नोंद असल्याशिवाय या आकड्यांना अर्थ लावणं धाडसाचं ठरतं.

आणि इथेच मला बाजारातल्या ‘कम्प्युटराइज्ड वॉटर डिटेक्टर’बद्दल बोलायचं आहे. मोबाइलला जोडलेलं, सळया ठोकायचीही गरज नसलेलं यंत्र दहा मिनिटांत लाल-निळा रंगीत नकाशा काढून देतं आणि निळ्या भागावर बोट ठेवून ‘इथे २४० फुटांवर पाणी’ असं सांगितलं जातं. शहरात, जिथे जमिनीत पावलोपावली केबल, पाइप आणि अर्थिंग आहे, तिथे त्या निळ्या रंगावर मी चार लाखांची बोअर घेणार नाही. नारळ निदान रंगीत प्रिंट देत नाही.

शहराचा हा त्रास जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजमापं बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेण्यात आली. १९०४पासून ती तिथे चालते आहे. आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे ती आहे. संस्थेचं मुख्यालय नवी मुंबईत पनवेलला आहे आणि तिथले शास्त्रज्ञ कोकणात विद्युतरोधाच्या याच पद्धतीने समुद्राचं खारं पाणी भूजलात किती आत शिरलं आहे, याचाही अभ्यास करत आले आहेत. वेधशाळा हलवता येते. वाकडची सोसायटी कुठे हलवणार?

केबल आणि अर्थिंग सोडा, साधी जागाच नाही. बाहेरच्या सळयांमधल्या अंतराच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खोली या पद्धतीत दिसते. ६० मीटर खाली बघायचं तर सळया १८० ते ३०० मीटर ताणाव्या लागतात, आणि तेही शक्यतो सरळ रेषेत, मोकळ्या जमिनीवर. दत्त मंदिर रोडला अशी ३०० मीटरची मोकळी सरळ रेषा कुठे मिळेल? सोसायटीच्या आत पेव्हर ब्लॉक, पोडियम, खाली दोन-तीन मजली बेसमेंट, त्यात लोखंडाची जाळी. वीज खडकात जायच्या आधी त्या लोखंडातूनच पळते. गाव शेतं होतं तेव्हा ही पद्धत इथे आरामात चालली असती. आता ती चालवायची तर काही ठिकाणी फक्त नदीकाठची पट्टी आणि आरक्षणातले मोकळे भूखंड उरतात.

विजेखेरीज दुसरा मार्ग हादऱ्याचा. जमिनीवर लोखंडी पाट ठेवून घण मारायचा आणि ओळीत ठेवलेल्या जिओफोनवर लाट किती वेळात पोहोचली ते मोजायचं. सैल मातीतून लाट सेकंदाला काहीशे मीटर जाते, घट्ट बेसाल्टमधून चार-पाच हजार मीटर. धरणाचा पाया, पुलाचा खांब, कातळ किती खोल, अशा प्रश्नांना हे उत्तम. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, जी १९१६ पासून उभी आहे, ती असली कामं करते. पण दख्खनमध्ये या पद्धतीची एक अडचण आहे. तिचं गणित असं गृहीत धरतं की खाली जावं तसा खडक घट्ट होत जातो. आपल्याकडे तर घट्ट कातळाखाली पुन्हा मांजऱ्या, त्याखाली गेरू, मग पुन्हा कातळ. कातळाखालचा मऊ थर या पद्धतीला दिसत नाही, आणि आपल्याला पाणी नेमकं तिथेच हवं असतं. पुस्तकात पद्धत निर्दोष असते. कुठल्या खडकावर ती वापरायची, हे मात्र त्या भागात विहिरी उतरून पाहिलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

तिसरा मार्ग ग्राउंड पेनेट्रेटिंग रडार, लोक नुसतं जीपीआर म्हणतात. बाळगाडीसारखं यंत्र रस्त्यावरून ढकलत नेतात आणि रेडिओ लहरी आत सोडून परतलेल्या लहरी टिपतात. जुने पाइप, केबल, पोकळ्या शोधायला ते छान आहे. २० सप्टेंबर २०२४ला पुण्यात बुधवार पेठेत टपाल कार्यालयाच्या आवारात महापालिकेचा एक ट्रक मागच्या बाजूने जमिनीत गेला. तिथे जुनी विहीर होती आणि ती वरून झाकली गेली होती, असं नंतर समोर आलं. असल्या पोकळ्या आधी शोधायला हे यंत्र आहे. वाकडच्या शेतविहिरी जिथे जिथे बुजवल्या गेल्या, तिथे वरून आज पार्किंग असेल. फक्त ओल्या काळ्या मातीत रडारच्या लहरी फार लवकर मरतात. कोरड्या मुरमात ते दोन-तीन मीटर सहज बघतं, पावसाळ्यात काळ्या मातीत कधी कधी मीटरभरही नाही. काम उन्हाळ्यात करावं, इतकंच.

पाणी शोधण्यापेक्षा या पद्धतींचा जास्त भरवशाचा उपयोग मला दुसराच वाटतो: बिघडलेलं पाणी कुठवर पसरलं आहे ते पाहणं. कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून पाझरणाऱ्या काळ्या पाण्यात क्षार भरपूर असतात, त्यामुळे ते जिथे जिथे जातं तिथे जमिनीचा रोध घसरतो. मोशीचा कचरा डेपो, पुण्याचा उरुळी देवाचीचा डेपो, भोसरी-चाकणच्या औद्योगिक वसाहती, अशा ठिकाणी एका ओळीत अनेक सळया ठोकून, संगणकाने त्यांचा क्रम बदलत मोजलं की जमिनीचा उभा छेद मिळतो. त्यात दूषित पाण्याची जीभ कुठल्या बाजूला सरकते आहे हे ओळखता येतं. दर वर्षी त्याच ओळीवर पुन्हा मोजलं तर ती पुढे गेली की मागे, तेही कळतं. विहिरीतला नमुना एकाच जागेची गोष्ट सांगतो, हा छेद मधली जागा भरून काढतो.

इथेही मर्यादा आहे, आणि ती जीवाशी निगडित आहे. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावर गेला. जंतूंमुळे पाण्याचा विद्युतरोध बदलत नाही. क्षार दिसतात, जंतू दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतली बाटलीच लागते. सर्वेक्षण करून ‘पाणी शुद्ध आहे’ असं कुणी सांगितलं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

आता सगळ्यात मोठं काम कसं होतं तेही पाहू. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, हैदराबाद आणि केंद्रीय भूजल मंडळ यांनी देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टरखाली मोठं कडं टांगून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण केलं. त्यातलं एक नागपूर जिल्ह्यातल्या चंद्रभागा पाणलोटात होतं. जमिनीला न शिवता, उडत उडत, खालच्या थरांचा रोध मोजायचा. त्या भागात बेसाल्टखाली गोंडवना काळातले वाळूचे खडक सापडतात, आणि त्यात पाणी साठू शकतं. वाकडच्या डोक्यावर मात्र असं हेलिकॉप्टर फिरवून उपयोग नाही. उच्चदाबाच्या तारा आणि इमारतींचं लोखंड यांच्या गोंगाटात खडकाचा आवाज ऐकूच येणार नाही.

समजा, सगळी यंत्रं चालली आणि पाण्याची जागा अचूक सापडली. तरी पाणी किती आहे? देशातल्या भूजल मूल्यमापनाच्या निकषांत भेगाळ, सच्छिद्र, झिजलेल्या बेसाल्टसाठी त्याच्या घनफळाच्या २ टक्के इतकंच पाणी सुटेल असं धरतात. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तिथली पाणीपातळी एक मीटर खाली गेली तर निघालेलं पाणी सुमारे ८१ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर आठ. एका एकरावरच्या २०० फ्लॅटच्या सोसायटीत ८०० माणसं धरली आणि माणशी १३५ लिटरचा सरकारी मापदंड लावला, तर रोजची गरज १ लाख ८ हजार लिटर. एका दिवसालाही ते पुरत नाही. पाऊस धरा: वर्षाला ७०० मिलिमीटर, त्यातला दहा टक्के जमिनीत मुरला तर वर्षभराचं पुनर्भरण २ लाख ८३ हजार लिटर, तीन दिवसांचंही नाही. अर्थ उघड आहे. जी बोअर वर्षानुवर्षं चालते, ती आपल्या एकरातलं पाणी उपसत नाही, ती शेजारच्या एकरांमधलं आणि काही ठिकाणी नदीकडचं पाणी ओढते. म्हणून ‘आपल्या सोसायटीत पाणी कुठे आहे’ हा प्रश्नच अपुरा आहे. पाणी खडकात आहे, आणि खडकाला कंपाउंड वॉल नसते.

या सगळ्या पद्धतींचा, म्हणजे भूभौतिकीचा, खरा हंगाम इमारतीनंतर नसतो, तो इमारतीआधी असतो. भूखंड मोकळा आहे, सळया लांब ताणता येतात, अजून लोखंड पुरलेलं नाही, अशा दोन-तीन आठवड्यांत एक सर्वेक्षण झालं, तर बेसमेंट कुठे खोदायचं, पावसाचं पाणी कुठल्या खड्ड्यात सोडायचं, बोअर कुठे ठेवायची, हे तिन्ही प्रश्न एकाच नकाशावर सुटतात. आज घडतं ते उलट: बेसमेंटच्या खोदाईत मांजऱ्याचा थर उघडा पडतो, पंप लावून महिनोन्‌महिने ते पाणी गटारात सोडलं जातं, आणि नंतर पुनर्भरणाचा खड्डा जिथे घट्ट कातळ आहे तिथे, मंजुरीपुरता, खणला जातो. कातळात सोडलेलं पाणी तिथेच तुंबून राहतं.

गंमत म्हणजे माहिती आधीच काढलेली असते. प्रत्येक मनोऱ्याच्या पायासाठी मातीपरीक्षणाची छिद्रं घेतली जातात, त्यांच्या नोंदी इंजिनिअरच्या फायलींत असतात. प्रत्येक बोअरच्या वेळी दर दहा फुटांना धुरळ्याचा रंग बदलतो, तो कुणी लिहून ठेवत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२च्या दुष्काळाच्या काळात राज्याने उभी केली आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. २००९च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात, जो २०१४पासून लागू झाला, विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे आणि ६० मीटरहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर बंधन घातलेलं आहे. ६० मीटर म्हणजे जेमतेम २०० फूट. वाकडमध्ये चारशे-पाचशे फुटांच्या गोष्टी मीटिंगमध्ये बिनदिक्कत होतात. या छिद्रांच्या नोंदी, जागा आणि खोलीसह, एका ठिकाणी आल्या, तर चार सळयांच्या वक्ररेषेला जो आधार लागतो तो आयता मिळेल. नवी बोअर पाडायच्या दिवशी, वॉचमनला एक वही द्यावी, दर दहा फुटांचा धुरळा एकेका प्लास्टिकच्या पिशवीत भरून तिच्यावर खोली लिहायला सांगावी, पाणी लागलं ती खोली आणि नंतर स्थिर झालेली पातळीही टिपावी. याला वेगळा खर्च येत नाही, आणि त्या दिवसानंतर ती माहिती पुन्हा मिळत नाही.